बाजूला ठेवलेला हुकूम

शाळेत मी चित्रकला शिकवतो. तरीसुद्धा आमच्या गावात एखादा इंग्रजी कागद आला, की तो वाचून घेण्यासाठी लोक इंग्रजीच्या शिक्षकांकडे न जाता माझ्याकडे येतात. याची कारणे दोन आहेत. इंग्रजीचे शिक्षक तालुक्याहून मोटारसायकलीवर येतात आणि पाचची घंटा झाली की परत जातात. मी मात्र गावातच राहतो आणि संध्याकाळी ओट्यावर हटकून सापडतो. दुसरे कारण असे, की मी कादंबऱ्या लिहितो. जो माणूस दोनशे पानांचे पुस्तक लिहितो, त्याला एका पानाचा कागद वाचता येत नाही, हे कोणाला खरे वाटावे?

वस्तुस्थिती अशी आहे, की माझे शिक्षण दहावीपर्यंतचे. आमचे वडील तिला शेवटपर्यंत मॅट्रिकच म्हणत. त्या परीक्षेत मला इंग्रजीत शंभरांपैकी बेचाळीस गुण मिळाले. पुढे चित्रकलेचा शिक्षक होण्यापुरता अभ्यास केला; पण त्यात इंग्रजीशी माझा संबंध आला तो पेन्सिलींवरच्या एच आणि बी या दोन अक्षरांपुरताच. ओट्यावर येणारे कागद बहुतेक निरुपद्रवी असतात. पंपाचे गॅरंटी कार्ड असते, औषधाच्या खोक्यातली बारीक अक्षरांची घडी असते, नाही तर बँकेचे पत्र असते. बेचाळीस गुणांत एवढे निभावून जाते. मजकुरातले चार शब्द समजले, की उरलेला अर्थ माणूस आपल्या अकलेने भरून काढतो, आणि बहुधा तो बरोबर निघतो. घात होतो तो या 'बहुधा'मुळे.

२००४ च्या पावसाळ्यात एका संध्याकाळी आबा माझ्या ओट्यावर आले. माझी पहिली कादंबरी तेव्हा नुकतीच छापून आली होती आणि मी सव्वीस वर्षांचा होतो. म्हणजे माणसाला सर्व काही समजते असे वाटण्याचे जे वय, तेच माझे होते. आबांनी सदऱ्याच्या आतून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद काढला आणि तो दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला.

"मास्तर, जिल्ह्याचा निकाल आलाय. वकिलाच्या कारकुनानं टपालानं धाडलाय. एवढं वाचून सांगा."

आबांचा दावा सगळ्या गावाला ठाऊक होता. कृष्णेच्या काठाला त्यांचे मळीचे तीस गुंठे रान होते. ते वाटणीत आपल्याकडे आले होते, असा त्यांच्या चुलतभावाने दावा लावला. समन्स घेऊन बेलीफ आला तेव्हा आबा बायकोच्या ऑपरेशनसाठी मुंबईला मुलाकडे गेले होते, आणि तिथे त्यांचे दोन महिने गेले. माणूस सापडत नसेल तर समन्सची नक्कल त्याच्या घराच्या दाराला चिकटवावी, अशी दिवाणी कायद्यात तरतूद आहे. त्याप्रमाणे ती चिकटवली गेली. त्या कागदाचे पावसाने काय केले आणि शेळ्यांनी काय केले, हे कोणालाच सांगता यायचे नाही. आबा परत आले तेव्हा दार कोरे होते. मधल्या काळात एकतर्फी हुकूमनामा होऊन गेला, आणि दरखास्तीची नोटीस हातात पडली तेव्हा कुठे त्यांना त्याचा पत्ता लागला. वकिलाने लगेच अर्ज केला. तालुक्याच्या कोर्टाने तो फेटाळला. मग जिल्ह्याला अपील झाले, आणि त्या अपिलाचा निकाल आता माझ्या हातात होता.

मी कागद उघडला. आधीची पाने मी चाळली. सगळा भर शेवटच्या चार ओळींवर असतो, एवढे मला ठाऊक होते. पहिल्या ओळीत अपिलासंबंधी काही होते. दुसऱ्या ओळीत 'ऑर्डर' या शब्दाच्या मागे एक असा शब्द होता की त्यावर माझी जीभ अडखळली, म्हणून तो मी वगळला. पुढे होते, 'सेट असाइड'. त्याखाली एकतर्फी हुकूमनाम्याचा उल्लेख आणि पुन्हा तेच दोन शब्द, 'सेट असाइड'. मग दावा 'रिस्टोअर्ड टु फाइल', आणि अखेरीस एक तारीख.

यात अवघड असे काय होते? सेट म्हणजे ठेवणे. असाइड म्हणजे बाजूला. हुकूम बाजूला ठेवला. आणि फाइल हा शब्द तर मराठीच झालेला. कचेरीत एखादे प्रकरण फाइल केले म्हणजे त्यावर फडके टाकले, ते मिटले, हे शेंबड्या पोरालाही समजते.

"आबा," मी म्हणालो, "हुकूम बाजूला ठेवलाय, आणि दावा फाइलला लावलाय."

"बाजूला म्हंजे?"

"म्हणजे तसाच ठेवलाय. त्याला हात लावलेला नाही."

"आणि फाइलला लावला म्हंजे मिटवला?"

"तसंच दिसतंय."

आबा काही वेळ रस्त्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आणि ही तारीख कसली?"

ती कसली हे मला माहीत नव्हते. तसे सांगायला हवे होते. पण माझ्या तोंडून काही निघण्यापूर्वी आबाच म्हणाले, "ताबा द्यायला बोलावलं असंल." मी मान हलवली. त्या मान हलवण्याविषयी मी पुढे वीस वर्षे विचार करीत आलो आहे.

मी त्यांना एवढे मात्र म्हणालो, की वकिलांना एकदा फोन करा. "तुम्ही वाचलंय की," आबा म्हणाले. "आता फोन केला तर तेवढ्याचीही फी मागंल." ते कागद पुन्हा पिशवीत गुंडाळून निघून गेले.

आठ दिवसांत चुलतभाऊ त्यांच्याकडे आला. त्याच्या वकिलाने त्याला तो कागद नीट समजावून सांगितला असला पाहिजे. तो भांडला नाही, की खोटेही बोलला नाही. "झालं गेलं गंगेला मिळालं, दादा. कोर्टात किती दिवस पैसा घालायचा? मी चाळीस हजार देतो, तुम्ही हक्कसोड करून द्या," एवढेच म्हणाला. हरलेल्या माणसाला चाळीस हजार म्हणजे उपकारच होते. आबांनी सब-रजिस्ट्रारसमोर हक्कसोडपत्रावर अंगठा दिला. साक्षीदार म्हणून सही करायला त्यांनी मला बोलावले नाही. त्या दिवशी शाळेत चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेचे फॉर्म भरायचे होते, हे त्यांना ठाऊक होते.

तारीख येऊन गेली आणि आबा कोर्टात आले नाहीत, म्हणून वकिलाचा निरोप आला. आम्ही दोघे जिल्ह्याला गेलो. वकील म्हातारे होते, मुद्देसूद बोलणारे होते. हक्कसोडपत्राची नक्कल पाहून त्यांनी चष्मा काढला.

"आबा, असं का केलंत? आपलं अपील मंजूर झालं होतं. हुकूमनामा रद्द झाला होता."

मग त्यांनी जे सांगितले ते मी अक्षर न् अक्षर लक्षात ठेवले आहे. दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ सालची. तिच्या नवव्या आदेशातला तेरावा नियम असा, की समन्स रीतसर बजावले गेले नाही, किंवा सबळ कारणाने प्रतिवादी हजर राहू शकला नाही, असे त्याने कोर्टाला पटवून दिले, तर कोर्ट एकतर्फी हुकूमनामा 'सेट असाइड' करते आणि दावा पुढे चालवण्यासाठी दिवस नेमते. त्यासाठी अर्ज करायला मुदत तीस दिवसांची. समन्सच बजावले गेले नसेल तर हुकूमनाम्याची माहिती झाल्यापासून तीस दिवस. अर्ज फेटाळला गेला तर त्यावर अपील असते. आबांचे हे सगळे बिनचूक जमले होते. दावा 'फाइलवर परत घेतला' याचा अर्थ तो मिटला असा नव्हे. तो पुन्हा जिवंत झाला, असा होता. आणि ती तारीख ताबा देण्याची नव्हती. आबांनी आपले म्हणणे मांडायला यावे, म्हणून नेमलेला तो दिवस होता.

"कागद कोणी वाचून दाखवला?" वकिलांनी विचारले.

आबांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. "घरीच वाचला," ते म्हणाले. आबांना अक्षरओळख नव्हती, हे त्या वकिलांना पंधरा वर्षांपासून माहीत होते.

मी गप्प राहिलो. थोड्या वेळाने मी विचारले, आणि तोही प्रश्न भेकडाचाच होता, "साहेब, हे हक्कसोडपत्र नाही का रद्द करता येणार?"

वकील म्हणाले, दस्तही कोर्टाला सेट असाइड करता येतो. पण त्याला कारण लागते. प्रतिपक्षाने फसवले असेल, खोटे सांगितले असेल, धाक घातला असेल, तर गोष्ट वेगळी. इथे तो फक्त बोलला नाही. १८७२ च्या करार कायद्याच्या सतराव्या कलमाखाली स्पष्टीकरण आहे, की नुसते गप्प राहणे म्हणजे कपट नव्हे. बोलणे हे त्याचे कर्तव्यच असले, किंवा त्याचे गप्प राहणे हेच बोलण्यासारखे असले, तर निराळे. किंमत कमी मिळाली एवढ्यानेही करार मोडत नाही.

"आणि तिसऱ्याच माणसाने चुकीचे सांगितले असेल तर?"

वकिलांनी माझ्याकडे नीट पाहिले. "तर त्या तिसऱ्या माणसाने पुन्हा असे करू नये," ते म्हणाले, आणि दुसऱ्या पक्षकाराला आत बोलावले.

परत येताना एस. टी.त आबा खिडकीशी बसले होते. नदीचा पूल आला तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. झोप लागली असावी, असे मी स्वतःला सांगितले.

त्यानंतर मी या दोन शब्दांच्या मागे लागलो. पापक्षालन म्हणा हवे तर. पण मला त्यांचा छडाच लावायचा होता. सुट्टीच्या दिवसांत मी तालुक्याच्या कोर्टात जाऊन मागच्या बाकावर बसू लागलो, जुन्या बाजारातून कोश आणले. 'सेट' हे क्रियापद म्हणजे इंग्रजीतले मोठे खटल्याचे घर आहे. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांबलचक नोंद याच क्रियापदाची आहे. त्याच्यापुढे एकेक बारीक शब्द येऊन उभा राहतो आणि ते आपला अर्थ फिरवते. 'अप' आला की उभारणे, 'आउट' आला की निघणे, 'ऑफ' आला की एका रकमेतून दुसरी वळती करणे. आणि 'असाइड' आला म्हणजे? इथेच गोम आहे. स्वयंपाकाच्या इंग्रजी पुस्तकात कांदा परतून 'सेट असाइड' करायला सांगतात. तिथे तो पुढे लागणार म्हणून जपून ठेवायचा असतो. पैसे 'सेट असाइड' केले म्हणजे शिल्लक टाकले. न्यायाधीशाने हुकूम 'सेट असाइड' केला म्हणजे मात्र तो मोडला. शब्द तेच, पण स्वयंपाकघरात ते राखतात आणि कोर्टात पुसतात.

युरोपातल्या शेतकऱ्यांना तर याच नावाची एक योजना लागू होती. धान्य फार पिकू लागले म्हणून १९८८ पासून काही जमीन मुद्दाम न पेरता ठेवायची आणि त्याबद्दल पैसे घ्यायचे. १९९२ च्या सुधारणांनी तिचा जोर वाढला आणि २००८ साली ती बंद करण्यात आली. तिचे नाव 'सेट-असाइड'. तिथे रान बाजूला ठेवले तरी ते मालकाचेच राहत होते. हे वाचले तेव्हा मला मळीचे तीस गुंठे आठवले.

कोर्टात बसून आणखीही एक गोष्ट माझ्या लक्षात आली. इंग्रजी कायद्यात 'नाही' म्हणण्याच्या अनेक तऱ्हा आहेत आणि प्रत्येकीची जागा ठरलेली आहे. संसदेने केलेला कायदाच घटनेविरुद्ध ठरला, तर तो 'स्ट्राइक डाउन' होतो. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ हे कलम असेच खाली पाडले. गुन्ह्याची फिर्याद 'क्वॅश' होते. स्थगिती दिलेली असेल तर ती 'व्हेकेट' करतात, म्हणजे उठवतात. हुकूमनामे, आदेश, लवादाचे निवाडे हे 'सेट असाइड' होतात. लवादाच्या १९९६ च्या कायद्यात तर त्यासाठी ३४ वे कलमच आहे. आणि मी जो अर्थ आबांना सांगितला, म्हणजे हुकूम तूर्त तसाच ठेवणे, त्याला कायद्यात साधा सुटसुटीत शब्द आहे, 'स्टे'. तो शब्द आमच्या गावातल्या निम्म्या लोकांना ठाऊक होता. कागदावर तो नव्हता, एवढ्यावरूनसुद्धा मला शंका यायला हवी होती.

बरेच दिवस मी मनाशी इंग्रजीलाच दोष देत होतो. एकाच शब्दाने राखायचेही आणि पुसायचेही, ही कसली भाषा? मग एका सकाळी आई अंगणात ज्वारी निवडत बसली होती. मी तिला विचारले, "काय करतेस?" ती म्हणाली, "खडे बाजूला काढतेय." पुढच्या आठवड्यात ती पुन्हा सूप घेऊन बसली. पुन्हा विचारले, तर म्हणाली, "पेरणीला बी बाजूला काढतेय." खडेही बाजूला आणि बियाणेही बाजूला! त्यांपैकी एक उकिरड्यावर जाते आणि दुसरे राखेत घोळून कणगीत जाते. पण आमच्या घरात आजवर कोणी बियाणे उकिरड्यावर टाकले नाही, की खडे पेरले नाहीत. कारण आईचे बोलणे ऐकताना आम्ही तिच्या हाताकडेही पाहत असतो. हात कुठे जातो ते पाहिले की शब्द फसवत नाही. त्या संध्याकाळी मी शब्द पाहिला आणि हात पाहिला नाही. त्या कागदाची आधीची पाने हाच तो हात होता. ती वाचायचा मी कंटाळा केला, कारण ती मला समजत नव्हती आणि समजत नाही हे आबांना दिसू द्यायचे नव्हते. तेव्हा दोष इंग्रजीचा नव्हे. माझ्या बेचाळीस गुणांचाही नव्हे. बेचाळीस गुणांचा माणूस 'मला येत नाही' हे सहा अक्षरी मराठी वाक्य बोलू शकतो.

या शब्दाचा जो खरा अर्थ वकिलांनी सांगितला, तो मला अजून विलक्षण वाटतो. हुकूमनामा सेट असाइड झाला म्हणजे माणूस जिंकत नाही. त्याच्या पदरात काहीच पडत नाही. मध्ये येऊन पडलेला तो एक कागद दूर होतो, आणि दोघेही जिथे होते तिथे पुन्हा येऊन उभे राहतात. तुझे म्हणणे ऐकायचे राहून गेले होते, ते आता सांग, असे कोर्ट म्हणते. आबांचे म्हणणे कोणी कधी ऐकलेच नाही. कदाचित ऐकून घेऊनही ते हरले असते. वाटणीचा खरा कागद काय होता, हे मला आजही सांगता येणार नाही. पण ऐकून घेतल्यावर हरणे निराळे असते.

वकिलांकडून आल्यावर तीन आठवडे मी संध्याकाळी ओट्यावर बसलो नाही. दार लोटून आत काही तरी लिहीत असल्याचे सोंग करीत होतो. चौथ्या आठवड्यात दिवाळी आली. पाडव्याच्या संध्याकाळी दाराची कडी वाजली. बाहेर आबा होते. त्यांनी सदऱ्याच्या आतून तीच प्लॅस्टिकची पिशवी काढली. माझ्या पोटात गोळा आला.

"मास्तर, हिला परवा तालुक्याच्या दवाखान्यात दाखवलं. त्यांनी ही चिठ्ठी दिलीया. काय लिवलंय बघा."

मी कागद हातात घेतला नाही. म्हणालो, "आबा, त्या दिवशी तुमचं रान माझ्यामुळं गेलं."

आबांनी यावर काही म्हटले नाही. पिशवी तशीच पुढे धरून ते उभे राहिले.

"मला हे नीट समजत नाही, आबा," मी म्हणालो. आयुष्यात हे वाक्य मी ओट्यावर प्रथमच उच्चारीत होतो.

"मग समजतंय तिथवर वाचा," आबा म्हणाले. "फुडचं त्यांनाच जाऊन इचारू."

मी दिव्याखाली बसून ती चिठ्ठी वाचली. नाव, वय आणि तारीख एवढे समजले. त्याखालच्या दोन ओळी समजल्या नाहीत. दवाखाना भाऊबीजेनंतर उघडणार होता. त्या दिवशी मी शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा काढली आणि आम्ही तिघे सकाळच्या एस. टी.ने गेलो.